अख्ख्या चाळीचे पापड

परळच्या इस्पितळात माझ्या शेजारी दोन बायका नंबराची वाट बघत होत्या.

"तुमच्या मिस्टरांनापण पार्किन्सन्स?"

"हो ना, हात थरथरतो. व्हिटॅमिन डीपण कमी निघालं."

"त्याच्या गोळ्यांनी हात थांबतो म्हणे?"

"डॉक्टर म्हणाले, संशोधन चालू आहे, नक्की काही नाही. पण गोळी घ्या, उन्हात बसा."

"आमचे बसतच नाहीत हो."

"आमचे तरी कुठे बसत होते! मग गच्चीवर पापड घातले आणि काठी देऊन राखायला बसवलं. काठी आपोआप हलते, कावळा फिरकत नाही. आता अख्खी चाळ यांच्यासमोर पापड घालते."

"अगंबाई! खूश असतील."

"खूश? आज डॉक्टरांना विचारणारेत, हात थांबणारच असेल, तर मे महिना संपल्यावर थांबला तर नाही का चालणार?"