शकूचं तण

शकूच्या माणसांनो,

अकोटच्या या सभागृहात आज शकूच्या शोकसभेला एवढी गर्दी झाली आहे, आणि मला बोलायला सांगितलंय. अवघड आहे. अमरावतीच्या कॉन्व्हेंटात शकू माझ्या बाकावर बसायची. सिस्टर इंग्रजीत विचारायच्या आणि ही वऱ्हाडीत उत्तर द्यायची. बाकावर उभी राहूनसुद्धा हसायची.

लग्न होऊन ती इकडे आली आणि डोंगरावरच्या महादेवाच्या देवळाजवळच्या कातळावर तिला एक रानझाड सापडलं. आपल्या घरच्या पानफुटीची रानातली बहीण म्हणा. वीतभर उंची, जाड रसाळ पानं, दिवाळीनंतर पिवळी फुलं. माती नाही तिथं ते जगतं. पण या भागात ते त्या एकाच कातळावर उरलं होतं. जाणकार म्हणाले, धोक्यात आहे. शकू म्हणाली, "म्हंजे आपल्याच भरोशावर हाये."

मग काय झालं, ते इथल्या बायकांना माहीत आहे. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात देवळाभोवती आठवडाभर श्रमदान झालं. शेवटच्या दिवशी शकू मला घेऊन वर पोचली तेव्हा कातळ स्वच्छ! सगळी झाडं उपटून उतारावर फेकलेली. ती मटकन खाली बसली.

रुखमामावशी, तुम्ही समोरच आहात. तुम्ही विचारलं होतं, "काहून बसली वं?" आणि मग म्हणालात, "आमी त निंदून टाकलं बाई! तण दिसलं का हात थांबते का?"

मला वाटलं, आता ही भांडणार. पण शकू उतारावर उतरली. फेकलेल्या ढिगातलं एक पान तिनं उचललं. त्याच्या कडेला पांढरी बारीक मुळी फुटली होती. ती तिथूनच ओरडली, "मावशे, हे त मरतच नाई! आता असंच निंदा. फक्त फेकू नोका, पलीकडच्या कातयावर टाका!"

आणि तुम्ही टाकलंत. निंदणाऱ्या हातांनीच ते लावलं. पानं भेगांमध्ये सरकवली, वर खडे ठेवले. कोणी म्हणालं, "शेतात तण काढा अन् डोंगरावर तण लावा, शकूचा कारभारच उलटा!" सगळ्यात मोठ्यानं शकूच हसली.

ती दवाखान्यात होती तेव्हा एकच विचारायची, "फुललं का?" तिला दुसरं काही नको होतं. एका सकाळी रुखमामावशींनी डोंगरावरून व्हिडिओ कॉल लावला आणि फोनचं तोंड कातळाकडे फिरवलं. पलीकडचा कातळ पिवळा. त्याच्या पलीकडचा, जिथं कुणीच काही लावलं नव्हतं, तोही पिवळा! शकूनं माझा हात दाबला. "जमलं ना वं आपल्याले!"

जमलं, शकू. मी आज रडायला आले नाही. जिंकलेल्या मैत्रिणीचं कौतुक सांगायला आले आहे.

आता आपण उभे राहू या. दोन मिनिटं गप्प राहू या. तिला हे आयुष्यात कधी जमलं नाही, तिच्या वाटचं आपण करू.

शकू, तुझं तण जिंकलं. नमस्कार.