वाघ-बकरीचा प्रबंध

माझा पीएच.डी.चा अर्ज ज्या कुणी क्रीडा विभागाकडे पाठवला, त्यानं तो वाचलाच नव्हता! शीर्षकात ‘खेळ’ दिसला, संपला विषय. अरे, हरत-हरत स्वतःच शिकणारा, संगणकावरचा वाघ-बकरीचा बैठा खेळ हे माझं संशोधन, आणि आमच्या नगरच्या कॉलेजातले क्रीडा विभागाचे सर मला विचारतात, “मैदान किती मोठं लागेल?”

नोंदणीचा शेवटचा दिवस होता. मी तशीच तडक पीएच.डी.चे विषय मंजूर करणाऱ्या समितीच्या अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, “सर, पाच मिनिटं एक डाव खेळून तर बघा.” खुर्चीतून न हलता ते म्हणाले, “खेळात कसली आलीय बुद्धी? पुढच्या वर्षी एखादा गंभीर विषय घेऊन या.”

संतापून संगणक कक्षात परतले, तर आमचे शिपाई, घोडेगावचे गेनूमामा, माझ्या खेळासमोर बसलेले. पहिले दोन डाव त्यांनी जिंकले होते. तिसऱ्यात संगणकाच्या बकऱ्यांनी त्यांचे सगळे वाघ कोंडले होते. मी त्यांना अध्यक्षांचा निकाल सांगितला. पडद्यावरची नजर न काढता मामा म्हणाले, “ताई, ह्ये दोनदा हरलं म्हनून शिकलं. सायबाला कोन हरवनार?”