भाषणातला बाप

...आणि वर तो माणूस मलाच फोन करून सांगतो, “अहो, तुमच्या भाषणानं पोरं रडली हो!” रडणारच! रडावीत म्हणूनच लिहिलं होतं ना! पण कोणाची पोरं? लोकांची! लोकांच्या पोरांनी रडायचं, घरी जायचं, आपापल्या आईबापांचं डोकं खायचं... आपलं काम संपलं. आता माझी मुलगी त्याच सभागृहात पाचव्या की सहाव्या रांगेत बसलेली असणार, हे काय मला माहीत नव्हतं? होतं की! पण तुम्हाला सांगतो, आपल्या दुकानातला माल आपल्याच घरी येऊन पडेल, हे कुठल्या दुकानदाराच्या मनात येतं?

थांबा, असं मधूनच धरलं तर कळायचं नाही. मी भाषणं लिहितो. देत नाही हं, लिहितो! चार माणसांसमोर उभं केलं की माझी बोबडी वळते. आत्ता तुमच्यापुढे घडाघडा बोलतोय ते सोडा, आत्ता अगदी गळ्याशी आलंय म्हणून बोलतोय. उद्घाटनं, निरोप समारंभ, शोकसभा, सगळं लिहितो. एक गृहस्थ तर सासूच्या वाढदिवसाचं भाषण लिहून घेऊन गेले. सासूला म्हणे इतकं आवडलं, की त्या त्यांच्याकडेच राहायला आल्या. ते गृहस्थ आता रस्त्यात दिसले तर ओळख देत नाहीत. त्यात माझा काय दोष? आपला धंदाच तो... शब्द आपले, तोंड दुसऱ्याचं!

तर तो फोन करणारा माणूस म्हणजे हे पाइपवाले. मोठा कारखाना, माणूस सरळ, पण बोलायला उभा राहिला की घाम फुटतो. त्यांना माझ्या मुलीच्याच कॉलेजानं पदवीदानाला मुख्य पाहुणे म्हणून बोलावलं. आले माझ्याकडे. म्हणाले, “पोरांना सांगायचंय, की यशाची व्याख्या तुमची तुम्ही करा. हल्ली असंच सांगतात म्हणे.” मी विचारलं, “बरं, तुमची व्याख्या काय?” माणसानं रुमालानं कपाळ पुसलं, म्हणाला, “पाइप गळता कामा नये.” आता खरं सांगू? तेच त्यांचं भाषण होतं! एका वाक्याचं, आणि अस्सल! पण एका वाक्यासाठी मुख्य पाहुणा कोण बोलावतो? शाल द्यायला तरी वेळ मिळायला नको?

मग मी बसलो लिहायला. या भाषणाची एक रीत असते. आधी पोरांना घाबरवायचं... लोक काय म्हणतील, शेजारी काय म्हणतील, या ओझ्याखाली आयुष्यभर दबून राहाल! मग जवळ घ्यायचं... मीसुद्धा असाच दबलो होतो, बाळांनो. आणि मग एकदम मोकळं सोडायचं... यशाची व्याख्या तुमची तुम्ही करा! आणि या वाक्यातली मेख अशी, की याला नाही कोण म्हणणार? पोरं खूश, त्यांना वाटतं सुटलो. आईबाप खूश, त्यांना वाटतं हे शेजारच्यांच्या पोराबद्दल चाललंय. प्राचार्य तर सगळ्यांत खूश, कारण कॉलेजातून नोकऱ्या किती जणांना लागल्या हा विषयच निघत नाही!

राहता राहिला बाप. बाप घालावाच लागतो. भाषणात आई घातली की सगळे रडतात, पण बाप घातला की बाप रडतात, आणि सभागृहाचं भाडं, हार, चहा हे सगळं बापांच्या ओळखीतूनच आलेलं असतं. आता पाइपवाल्यांच्या खऱ्या वडिलांनी त्यांना चालता कारखाना आयता हातात दिलेला. त्याच्यावर कोण रडणार? म्हणून मी एक बाप तयार केला. तरुण पाइपवाले घाबरत घाबरत म्हणतात, “बाबा, मला ठरलेली वाट नको. मला माझी वाट शोधू द्या.” पुढे कंसात मी लिहिलं, इथे थांबावे. मग बाप हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवतो, चष्मा काढतो आणि म्हणतो, “जा. जमलं तर मला बघायला बोलाव. नाही जमलं तर जेवायला ये.”

लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं हो! बायकोनं विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, पाइपवाल्यांचे वडील. शब्द आपले, तोंड दुसऱ्याचं, आणि रडायचं मात्र घरच्या घरी!

समारंभ झाला. मी गेलो नव्हतो, मी कधीच जात नाही, आपलं वाक्य कोणी तिसराच भलत्या जागी तोडतो ते ऐकवत नाही. संध्याकाळी मी वर्तमानपत्र वाचत बसलेलो, तेवढ्यात मुलगी आली. अंगावर तो काळा झगा तसाच, हातात पदवीची गुंडाळी, आणि उभी राहिली माझ्यासमोर. म्हणाली, “बाबा, मला ती विमा कंपनीतली नोकरी नको.” नको? अहो, सोमवारी हजर व्हायचं होतं! सगळ्या नातेवाइकांना सांगून झालं होतं, मेहुण्याला तर दोनदा सांगितलं होतं, कारण पहिल्यांदा त्याचा चेहरा पुरेसा पडला नव्हता!

म्हटलं, मग काय करणार? तर म्हणे, लिफ्टचं काम शिकणार. आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला एक बाई येतात. लिफ्टवाल्या बाई म्हणतो आम्ही त्यांना. मुलगी सुट्टीच्या दिवशी त्यांच्यामागे बॅटरी धरून उभी राहायची. मला वाटायचं, वेळ जात नाही बिचारीचा. तर त्या बाईंनी हिला कामावर ये म्हणून सांगितलंय. आणि ही मला समजावते, बाबा, ब्रेक कसा सुटतो, दोर कसा झिजतो, दार अर्ध्यात अडकतं तेव्हा दोष दारात नसतो, खालच्या पट्टीत साचलेल्या कचऱ्यात असतो... डोळे असे चमकत होते! त्या विमा कंपनीचं पत्र आलं तेव्हा एवढे चमकले नव्हते, हे मला तेव्हाच दिसलं होतं. दिसलं होतं हो, दिसत नव्हतं असं नाही.

आणि मग ती म्हणाली, “बाबा, मला ठरलेली वाट नको. मला माझी वाट शोधू द्या.”

जसंच्या तसं! एक काना मात्रा इकडचा तिकडे नाही! आणि बरोब्बर तिथेच थांबली, जिथे मी कंसात लिहिलं होतं. आता पुढचं वाक्य जगात कोणाला पाठ असेल, तर ते मला! माझं होतं ते! नुसतं म्हणायचं होतं! आणि तुम्हाला सांगतो, हातांनी आपलं काम चोख केलं. वर्तमानपत्र खाली ठेवलं, चष्मा काढला, मुलगी श्वास रोखून बघतेय, मी तोंड उघडलं, आणि तोंडातून काय निघालं?

“पेन्शनचं काय?”

पेन्शन! बावीस वर्षांच्या पोरीला! आणि एकदा सुटलो तो सुटलोच. लोक काय म्हणतील, शेजारी काय म्हणतील, मामाला काय तोंड दाखवू, तेलाचे डाग पडलेल्या कपड्यांत तू जिन्यावर बसणार का... अहो, तो घाबरवायचा परिच्छेद पाठच होता ना! अख्खा म्हटला! जवळ घ्यायचा परिच्छेद मात्र काही केल्या येईना. शब्द आपले, तोंड दुसऱ्याचं... आणि आपल्या तोंडाला आपलेच शब्द ओळख देईनात!

मग मला वाटलं, आता मुळावरच घाव घालावा. म्हटलं, “अगं वेडे, ते भाषण खरं नव्हतं! मी लिहिलंय ते. असा बाप बिप काही नव्हता. असे बाप असतात का कुठे?”

“माहितीये,” ती म्हणाली. अगदी शांतपणे हं, आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. “तिसऱ्या वाक्याला कळलं मला, तुमचं आहे ते. म्हणून तर धावत घरी आले. मला वाटलं, ज्याला असा बाप लिहिता येतो, त्याला होताही येत असेल.”

आणि झगा काढायला आत गेली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो. इतकी वर्षं माझ्या शब्दांवर लोकांनी टाळ्या घेतल्या, मी कधी हेवा केला नाही. पण त्या संध्याकाळी मला त्या पाइपवाल्यांच्या नसलेल्या वडिलांचा हेवा वाटला! स्वतःच बनवलेल्या माणसापुढे मान खाली घालायची वेळ कोणावर येऊ नये.

मग मी ठरवलं, दुरुस्त करायचं. म्हटलं, सोमवारी सकाळी तिला नीट सांगू. कागद घेतला. ‘जा’ लिहिलं. फार कोरडं वाटलं, खोडलं. ‘बाळा, जा’ लिहिलं. पुळचट वाटलं, खोडलं. सोमवारी उजाडताच न्हाणीघरात जाऊन मोठ्यानं म्हणून पाहिलं, तर बाहेरून बायको विचारते, कोणाला हाकलताय? मी आपला शब्द इकडचा तिकडे करत बसलो, आणि बाहेर आलो तेव्हा तिच्या चपला जागेवर नव्हत्या. म्हटलं, गेली? कुठे गेली, विम्याला की लिफ्टला? बायको म्हणाली, “लिफ्टला. मी म्हटलं तिला, जा, पण डबा विसरू नकोस.” झालं! एवढंच! ना थांबावे, ना चष्मा! या बाईनं माझं एक भाषण आजवर ऐकलेलं नाही!

आता ती जाते रोज. हाताला वंगण, नखं काळी, जेवताना बायकोला सांगते आज कोण कुठे अडकलं होतं, दोघी हसतात. मला सांगत नाही असं नाही... विचारलं तर सांगते. परवा आम्ही दोघं खाली उभे होतो, तिच्या खांद्याला हत्यारांची पिशवी, आणि तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त साहेब भेटले. म्हणाले, “काय, मुलगी कुठे असते हल्ली?” ती बघतेय माझ्याकडे. आता बोला! आत्ता तरी बोला! छातीठोक सांगा, लिफ्ट दुरुस्त करते माझी मुलगी!

मी म्हणालो, “वाहतूक क्षेत्रात आहे.”

साहेब म्हणाले, “वा, वा.” मुलगी हसली. चिडली असती तर परवडलं असतं, पण हसली, आणि मला म्हणाली, “चला बाबा, जेवायला.” आणि बघा ना, तिला हवं होतं त्या एका वाक्यासाठी मी कागदच्या कागद फाडले, अन् हे? एका दमात, न लिहिता, न खोडता... काय चटकन सुचलं हो मला!