एकशे तेरावं झाड

जनसुनावणीला हरकती नोंदवायची रांग होती. वस्तीच्या नव्या रस्त्यात जाणारी झाडं ज्याने मोजली, तो मोजणीदारही वही काखेत मारून ती जमा करायला रांगेत उभा होता. त्याच्या पुढे दृष्टी गेलेली एक म्हातारी नातीचा हात धरून उभी.

"आजी, अहवालात एकशे बारा झाडं लिहिलीत," नात म्हणाली.

"एकशे तेरा आहेत."

"तुला दिसत नाही, अन् आकडा सांगतेस?"

"जन्मभर त्याच वाटेनं सरपण आणलंय. ऐक. झऱ्याशी पहिला थोरला. मग जुळ्या. मग वीज झेललेला. मग सासूबाई, वारा नसला तरी कुरकुरतात."

मोजणीदाराने वही उघडली. जुळी खोडं, विजेची खूण, सगळं त्याच क्रमाने. म्हातारी नावं घेत गेली, त्याचं बोट ओळीमागून ओळ उतरत गेलं. रांग पुढे सरकली तेही त्याला कळलं नाही.

"मग बुटका. मग आळशी."

बोट थांबलं. त्या ओळीवर त्यानेच काट मारली होती: वठलेलं, मोजणीत धरू नये.

"आळशी का गं?" नातीने विचारलं.

"सगळी पालवली तरी हा झोपलेला. महिन्याभरानं उठतो. नवख्याला वाटतं, मेलाय."

"मग रस्ता नको म्हणायचं?"

"नको कशाला? दवाखान्यासाठी आपणच मागितलाय. त्याच्यापाशी तेवढा वळवा म्हणावं."

खिडकीतल्या बाईंनी दोघींचं लिहून घेतलं.

"पुढचे. तुमची हरकत कुणाच्या मोजणीवर?"

त्याने वही आत सरकवली.

"माझ्या."