चार बोटं रिकामा कलश

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या डायलिसिस केंद्राचे विश्वस्त माननीय मधुकररावजी, सत्कारमूर्ती डॉक्टर श्वेताताई, मंचावरील सर्व मान्यवर, केंद्रातल्या सिस्टर, कन्हानचे गावकरी बंधुभगिनी, आणि या भिंतीपलीकडे मशीनवर असलेले आमचे रुग्ण, कारण त्यांनाही इथलं ऐकू जातं, सर्वांना माझा नमस्कार.

रुग्णांच्या नातेवाइकांतर्फे बोलायला मला उभं केलं आहे. मी सातवीपर्यंत शिकलेला, खाणीत आयुष्य घालवलेला माणूस. बोलताना माझी नजर त्या दाराकडे गेली तर गैरसमज नसावा. माझी पत्नी मनकर्णा या घडीला पलीकडे मशीनवर आहे, आणि दुपारपासून लाइन गेलेली आहे. म्हणजे हा माइक आणि तिचं मशीन, दोन्ही ताईंनी उभारलेल्या बॅटरीच्या टाक्यांवर चालू आहेत. अशा वेळी माणसाने भाषणात मन कसं लावावं?

ताई उद्या पुण्याला जातात. तिथे याहून मोठ्या टाक्या उभारायच्या आहेत. आनंदाची गोष्ट आहे. पण ज्या दिवसापासून ऐकलं, त्या दिवसापासून मला घास गिळवत नाही.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. आपली बॅटरी म्हणजे दोन मोठ्या टाक्या. दोन्हींत आम्लात विरघळवलेलं व्हॅनेडियम. छतावरच्या सोलरने भरली की एक टाकी जांभळी, दुसरी पिवळी. वीज वापरली की एक हिरवी, दुसरी निळी. पंप हे पाणी मधल्या पेटीतून फिरवतात आणि तिथे कार्बनच्या नमद्यावर, म्हणजे जाड लोकरी कापडासारख्या थरावर, वीज तयार होते. मी ताईंना विचारलं होतं, टाकीत इतकं रसायन आहे, तर मग पंप कशाला? त्या म्हणाल्या, "नानाजी, भंडाऱ्यात कढईभर भाजी असून भागतं का? वाढपी फिरला पाहिजे." वाढपी हळू फिरला तर ताटं रिकामी राहतात, आणि जेवणारे सावकाश असतील तर वाढपी कितीही धावला तरी पंगत लवकर उठत नाही. थंडीत ही पंगत हळू जेवते, असंही त्या म्हणाल्या. मला तेव्हा पटलं. मग हिवाळाभर मी थंडीचीही काळजी केली.

पण खरी भीती उन्हाळ्याची. आपल्याकडचं ऊन मी कोणाला सांगावं? टाकी पूर्ण भरलेली असली आणि वरून तापली, की पिवळ्या पाण्यातलं व्हॅनेडियम विरघळलेलं राहत नाही, त्याची भुकटी होऊन खाली बसते. म्हणून ताईंनी उन्हाळ्यापुरती मर्यादा लावली होती. बॅटरी पूर्ण भरायची नाही.

आता मागच्या वर्षीची गोष्ट. अध्यक्षमहोदय, राग नसावा, तुमचा हेतू चांगलाच होता. अक्षय तृतीया होती. त्या दिवशी आपण घरोघरी पितरांच्या नावाने घागर भरतो, आणि ती काठोकाठ भरतो. मधुकररावजी म्हणाले, आजच्या दिवशी आपल्या केंद्राची टाकी अपुरी कशी ठेवायची? आमचे ऑपरेटर संघपाल हळूच म्हणाले की ताईंना विचारून घेऊ. पण सणाच्या दिवशी नाही कोण म्हणणार? मर्यादा काढली. शिवाय ऊन आत येऊ नये म्हणून, आपण घरी करतो तसं, टाकीच्या खोलीची दारं-खिडक्या गच्च लावून घेतली. पंपांची उष्णता आतच कोंडली.

दुपारी लाइन गेली. मनकर्णा मशीनवर होती. थोड्या वेळात टाकीच्या खोलीतून अलार्म वाजू लागला. पिवळ्या बाजूचा प्रवाह कमी कमी होत होता. भुकटी पंपाकडच्या जाळीत अडकत होती. आम्ही काय केलं असेल? तुम्ही कराल तेच. वीज वाचवायला पंखे बंद, दिवे बंद. मशीन थांबलंच तर आतलं रक्त परत देता यावं म्हणून सिस्टर त्याचं हँडल हाताने फिरवायच्या तयारीत उभ्या.

संघपालने ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "सगळं चालू करा. पंखे, दिवे, जे असेल ते. टाकी खर्च करा." खोली उघडा आणि रुग्णांचा कूलर टाकीसमोर नेऊन लावा, असंही सांगितलं. आम्हाला पटेना. वीज संपत चालली असताना ती उधळायची? पण संघपालने बटणं दाबली, आणि कूलर उचलायला सगळ्यात आधी धावले ते मधुकररावजीच. डोक्यावर पंखा गरगर फिरायला लागला तशी मनकर्णा मला म्हणाली, "काहून गा, मले वाटेला लावता लावता वारा घालून राहिले काय?"

हसू नका. मी तेव्हा हसलो नव्हतो.

पिवळं खर्च होऊन निळं होऊ लागलं, गारवा पोहोचला, तशी नवी भुकटी बसायची थांबली. प्रवाह टिकला. मशीनने मनकर्णाचं रक्त तिला परत दिलं. संध्याकाळी ताई नागपूरहून आल्या आणि तिच्या खाटेपाशी बसून सगळं समजावून सांगितलं. मनकर्णाला दिवसाचं पाणी मापूनच प्यावं लागतं. ऐकून ती म्हणाली, "म्हणजे तिचं अन् माहं सारखंच हाय, बाई. जास्त भरलं की बिघडते."

येत्या आठवड्यात पुन्हा अक्षय तृतीया आहे. आणि परवा चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलं, अध्यक्षमहोदय, की सोलरची वीज दुपारी वाया जाते, मॅडम गेल्या की मर्यादेचं पाहू. निरोपाच्या सभेत असं बोलू नये हे मला कळतं. पण ताई बसलेल्या असतानाच विचारतो. ती मर्यादा संघपालच्या हातात राहील ना?

आपण मान हलवलीत. पण डोळे अधू आहेत माझे, मला ती उभी दिसली की आडवी, कळलं नाही. माइकवर सांगाल का?

आभारी आहे. "संघपालला विचारल्याशिवाय कोणी हात लावणार नाही," असं अध्यक्ष म्हणाले. भिंतीपलीकडेही ऐकू गेलं असेल.

ताई, शाल-श्रीफळ समितीतर्फे झालं. हा तांब्याचा कलश मनकर्णाकडून. मशीनवर जाण्याआधी तिने स्वतः भरला. पाहुण्याला अपुरा कलश देऊ नये, ही आपली रीत. मी तिला तसं म्हणालोही. तिने ऐकलं नाही. चार बोटं रिकामा ठेवला आहे. म्हणाली, बाईले समजते.

मोठ्यांपुढे जास्त बोललो, सणाला नावं ठेवल्यासारखं झालं असेल, तर म्हातारा घाबरट आहे म्हणून पोटात घाला. आणि आता मला तिच्याजवळ जाऊन बसू द्या. नमस्कार.