अक्कांचा किल्ल्यांचा डबा

अक्कांचा तो डबा आठवला की अजून माझा जीव थाऱ्यावर राहत नाही बाई! अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. मोडकी कुलपं, गंजक्या पेट्या भंगारात जायच्या आधी त्यांच्या किल्ल्या काढून डब्यात टाकायच्या.

एकदा शेजारचे नाना पेटी घेऊन धावत आले. "अक्का, पेटीनी किल्ली हेरमा पडी गई!" किल्ली विहिरीत, पोरीच्या साखरपुड्याचे दागिने पेटीत आणि धुळ्याची मोटार सुटायला आलेली. मी नुसती आत-बाहेर करतेय. अक्कांनी डबा उपडा केला, दोन-चार किल्ल्या फिरवल्या आणि पेटी उघडली!

नानांनी हात जोडले खरे, पण जाताना वळूनवळून डब्याकडेच बघत होते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गल्लीत झाडून साऱ्या दारांना नवी कुलपं! पहिलं नानांच्या दाराला. मला तर घराबाहेर तोंड काढवेना.

अक्का मात्र डबा घेऊन दारोदार निघाल्या. "जुन्या किल्ल्या फेकू नका, माले द्या!"