दादाची हाडं

(प्लास्टरची खोली. दादाचा हात नुकताच बांधून झालाय. धाकटा भाऊ शेजारी.)

धाकटा : पायपुसण्यावरून घसरलास आणि मनगट मोडलं? एवढ्यानं कोणाचं मोडतं का, दादा?

दादा : डॉक्टरही तेच म्हणाले. हाडं पार म्हाताऱ्याची झालीत. विचारलं, तरुणपणी मोठं आजारपण झालं होतं का?

धाकटा : मग?

दादा : नाही म्हणालो.

धाकटा : शाबास! कॉलेजात नुसता सापळा उरला होतास. अन्नच तोडलं होतंस, अ‍ॅनोरेक्सिया म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं, ते काय हवा पालटायला?

दादा : पण पळायचो काय रे! वजन उतरलं, तसे आधी पायांना पंखच फुटले. पहाटे तळ्याकाठी मी पुढे, तू सायकलवर शिट्ट्या मारत मागे...

धाकटा : सायकलवर असून माझीच दमछाक. आणि झोपताना बर्फासारखे पाय घेऊन माझ्या पांघरुणात शिरायचास. ऐन उन्हाळ्यात!

दादा : तू कधी लाथ नाही मारलीस.

धाकटा : मोडला असतास! पाठीवर, दंडांवर मऊ लव आली होती तुझ्या. मी ‘बोका’ म्हणून चिडवायचो. मला काय ठाऊक, अंग ऊब धरायला धडपडतंय.

दादा : नाडी इतकी मंद, की पळायला शिकवणारे सर फुशारकी मारायचे. म्हणे, घोड्याचं काळीज आहे पोराचं.

धाकटा : ते काळीजच झिजत होतं. शर्यतीत कोसळलास, तेव्हा आई अनवाणी धावली. मग दवाखान्यात चमचा-चमचा सूप. एकदम भरवलं तर जिवावर बेतेल, म्हणाले.

दादा : मी भिंतीकडे तोंड करून. एक घोट गिळला की आई गुणगुणायला लागायची. बेसूर अगदी. अजून ऐकू येतं.

धाकटा : गळलेले केस परत आले, ताकद आली. हाडांचं तेवढं भरून नाही आलं. डॉक्टरांना खरं सांग. आणि वहिनीला?

दादा : कधीच नाही सांगितलं. पुरुषासारखा पुरुष, आणि जाड होईन म्हणून...

धाकटा : बाहेर बसलीय ती, जीव मुठीत धरून.

दादा : ...बोलाव.

वहिनी : अहो, डोळ्यांत पाणी? फार ठणकतंय का?

दादा : नाही गं. लग्नाआधीचं एक सांगायचं राहिलंय.

वहिनी : कोण होती ती?

दादा : कोणी नव्हती. मी जेवत नव्हतो.

वहिनी : ...सरका जरा. बसू द्या मला.